क्रॉस कुत्रा : देह, स्वभाव आणि एक जुना वाद

भरदार छातीचा, अर्धवट पडलेल्या कानांचा, काळपट-तांबूस रंगाचा एखादा दांडगा कुत्रा कोणाच्या दारात दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणता हो हा?" उत्तरही ठरलेले असते, "क्रॉस आहे." कशाचा क्रॉस, हे बहुधा मालकालाही नक्की ठाऊक नसते. आई अल्सेशियन होती, बाप लॅब्रेडॉर असावा, कोणी रॉटवायलरही म्हणते. पण एवढ्या अर्धवट माहितीवर ऐकणारा दोन निष्कर्ष काढून मोकळा होतो. एक, क्रॉस कुत्रा बेभरवशाचा, कधी उलटेल ते सांगता येत नाही. दोन, क्रॉस कुत्रा काटक, त्याला आजार शिवत नाही. गंमत अशी की ही दोन्ही मते एकच माणूस एकाच वेळी बाळगू शकतो.

ही बाब केवळ कट्ट्यावरच्या गप्पांपुरती उरलेली नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवले. त्यात कुत्र्यांच्या २३ जाती धोकादायक ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आधीच पाळलेल्यांची नसबंदी करावी, असे सांगितले होते. यादीत या जातींचे संकरही होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्द ठरवले. कायद्याच्या बाजूचा विचार कायदेपंडित करतील. आम्हाला कुतूहल आहे ते संकरांविषयीच्या त्या शब्दांचे. कुत्र्याच्या देहात एखाद्या जातीचा अंश दिसला की त्या जातीचा स्वभावही आत आलाच, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक खरे की खोटे, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत हजारो कुत्रे तपासले. तो इतिहास विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे, कारण त्यात मेंडेल आहे, पावलोव आहे, आणि एका हुशार शास्त्रज्ञाने एका खऱ्या निरीक्षणावरून काढलेला एक फार मोठा चुकीचा निष्कर्षही आहे.

मोठे कुत्रे संकरातून घडवण्याचा उद्योग प्रयोगशाळांच्या आधीचा आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २४७० मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. तिथल्या मठातले साधू सतराव्या शतकापासून मोठे कुत्रे पाळत आणि बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधायला ते उपयोगी पडत. त्यांतला बॅरी नावाचा कुत्रा (१८०० ते १८१४) सर्वांत प्रसिद्ध. त्याने चाळीसहून अधिक जीव वाचवले असे सांगतात. त्याचा पेंढा भरलेला देह बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आजही पाहायला मिळतो. गळ्यात ब्रँडीचे पिंप मात्र चित्रकारांच्या कल्पनेतले. हा बॅरी आजच्या सेंट बर्नार्डच्या मानाने बराच लहान होता. पुढे एकोणिसाव्या शतकात, कडक हिवाळ्यांनी आणि आपापसांतल्या पैदाशीने मठातले कुत्रे रोडावल्यावर त्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला. पिल्ले दणकट निपजली, पण त्यांतल्या अनेकांचे केस लांब होते. लांब केसांत बर्फाचे गोळे अडकत आणि कुत्रा जड होऊन बसे. तेव्हा लांब केसांची पिल्ले खालच्या खोऱ्यांतल्या लोकांना देऊन टाकण्यात आली. संकरातून हवे ते मिळते आणि त्याच्या बरोबरीने नको ते पदरात पडते, हे साधूंना मेंडेलच्या नियमांवाचून कळले.

इथे एक खुलासा करून ठेवतो. आपल्या गावातला गावठी कुत्रा हा कशाचाही क्रॉस नव्हे. आज ज्यांना आपण "जातिवंत" म्हणतो त्या युरोपीय जातींपैकी बहुतेकांची पक्की चौकट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. इंग्लंडमधले केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाले. माणसाने जोड्या लावून न घडवलेले कुत्रे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तेव्हा जात ही मूळ आणि गावठी म्हणजे भेसळ, हा क्रम उलटा आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. चार्ल्स रूपर्ट स्टॉकार्ड हा न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातला शरीररचनेचा प्राध्यापक. जन्म १८७९, मृत्यू १९३९. अंतःस्रावी ग्रंथींच्या शोधांनी त्या काळी सगळे वैद्यकविश्व भारून गेले होते. पीयूषिका ग्रंथी बिघडली की माणूस राक्षसी उंचीचा होतो, अवटू ग्रंथी बिघडली की खुरटतो, हे नुकतेच समजले होते. स्टॉकार्डने कुत्र्यांच्या जातींकडे पाहिले आणि त्याला तिथेही तेच दिसले. सेंट बर्नार्डमध्ये अवाढव्यपणा, डॅक्सहुंडमध्ये आखूड वाकडे पाय, बुलडॉगमध्ये चपटे तोंड. माणसात ज्याला आपण विकृती म्हणतो ती इथे जातीचे लक्षण होऊन बसली आहे! मग त्याने पुढचा विचार केला. ग्रंथी देहाला आकार देतात आणि वृत्तीही ठरवतात, तर देह आणि स्वभाव एकाच कारणाची दोन फळे असली पाहिजेत. म्हणजे देहावरून स्वभाव वाचता आला पाहिजे.

कल्पना आकर्षक होती आणि ती तपासण्याची त्याची रीतही योग्य होती. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला एका फार्मवर त्याने अगदी भिन्न जातींचे संकर घडवायला सुरुवात केली. त्यांतला सर्वांत गाजलेला संकर दोन महाकाय जातींचा, ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड यांचा. पिल्ले जन्मली, वाढली, बागडली. आणि तीन महिन्यांच्या सुमारास त्यांतली काही एकाएकी मागच्या पायांनी अधू झाली. तपासणीत दिसले की मज्जारज्जूच्या कमरेकडील भागातल्या, पायांच्या स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या आहेत. आईच्या जातीत हा आजार नव्हता, बापाच्या जातीतही नव्हता. १९३६ साली स्टॉकार्डने यावर शोधनिबंध लिहिला.

निरीक्षण खरे होते. त्याचे साधे स्पष्टीकरण असे, की दोन्ही बाजूंकडून आलेली एकाहून अधिक जनुके एकत्र आली तरच हा दोष प्रकट होतो, एकेकटी असताना ती निरुपद्रवी असतात. मटारच्या किंवा मक्याच्या संकरांत अशा परस्परपूरक जनुकांची उदाहरणे वनस्पतिशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होती. हा विशिष्ट कुत्र्यांच्या विशिष्ट जनुकांचा प्रश्न होता. पण स्टॉकार्डच्या मनात मोठी गोष्ट घोळत होती. अगदी भिन्न कुळांचा संकर देहात विसंवाद निर्माण करतो, असा त्याचा ग्रह झाला होता, आणि तो कुत्र्यांवर थांबला नाही. १९३१ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने मानवी वंशांच्या संकरामुळे काही समूहांची अधोगती झाली असावी, असे सुचवले. तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेत वंशशुद्धीच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचे कायदे होते, जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. कुत्र्याच्या मागच्या पायांवरून माणसाच्या विवाहापर्यंत उडी मारायला त्या हवेत कोणाला फारसे कष्ट पडत नव्हते. स्टॉकार्डचा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली जाडजूड ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. आमच्या मते त्यातली शरीररचनेची निरीक्षणे मोलाची आहेत आणि अनुमाने धोक्याची.

याच सुमारास संकराविषयी अगदी उलट मत बळावत होते, हेही सांगायला हवे. जॉर्ज शल याने १९०८ साली मक्यावर दाखवून दिले होते की दोन शुद्ध, खुरटलेल्या वाणांचा संकर केला की पीक जोमदार येते. संकरित बियाण्याने शेती बदलली, आपल्याकडे संकरित ज्वारी-बाजरी घराघरांत पोहोचली, आणि संकर म्हणजे जोम हे समीकरण डोक्यात पक्के बसले. आपल्या क्रॉस कुत्र्याच्या वाट्याला ही दोन्ही मते आली आहेत. बेभरवशाचा हे स्टॉकार्डच्या बाजूचे, काटक हे शलच्या बाजूचे.

स्वभावाच्या अभ्यासाचा दुसरा धागा रशियातला आहे. इव्हान पावलोव आपल्याला घंटा आणि लाळ यांसाठी माहीत आहे. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला कुत्र्याकुत्र्यांतल्या फरकाने पछाडले होते. त्याच्या प्रयोगशाळेतले कुत्रे बहुतेक मिश्र रक्ताचे, साधे. एकच शिकवण दिली तरी एक चटकन शिके, दुसरा झोपी जाई, तिसरा पिसाळल्यासारखा करी. पावलोवने ग्रीक वैद्यांच्या जुन्या चार प्रकृतींची नावे त्यांना दिली. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले, कुत्रे नाकापर्यंत बुडाले. मदतनिसांनी त्यांना पोहत बाहेर काढले. नंतर पाहिले तर काही कुत्र्यांत शिकलेले सारे प्रतिसाद पुसले गेले होते आणि काहींवर ढिम्म परिणाम नव्हता. एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसते पाणी सोडले तरी तो पुन्हा बिथरे. म्हणजे स्वभावात उपजत काही आहे आणि अनुभवाने बदलणारेही काही आहे. पण कोणते किती, हे वेगळे काढायचे तर कुळ माहीत असलेले कुत्रे हवेत, आणि त्यांचे संगोपन अगदी सारखे हवे.

हे काम अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत झाले. जॉन पॉल स्कॉट याने १९४५ साली ते हाती घेतले, थोड्याच काळात जॉन फुलर त्याला येऊन मिळाला, आणि दोघांचा ग्रंथ १९६५ साली बाहेर आला. वीस वर्षांचे काम! आजच्या तीन-तीन वर्षांच्या अनुदानांच्या काळात कोणी असे काही मांडले तर कागद परत येतील. त्यांनी पाच जाती निवडल्या : बेसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिएल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर. सगळ्या साधारण सारख्या मापाच्या, मुद्दामच. पिल्लांना जन्मल्यापासून त्याच खोल्या, तेच अन्न, तीच माणसे, त्याच परीक्षा.

यातला बेसेंजी आणि कॉकर यांचा संकर आपल्या कामाचा. बेसेंजी हा मध्य आफ्रिकेतला शिकारी कुत्रा. उभे कान, आखूड केस, माणसाला बिचकणारा. कॉकर लोंबत्या कानांचा, माणसाळलेला. पाच आठवड्यांच्या पिल्लाजवळ माणूस गेला तर बेसेंजीचे पिल्लू पळे, किंचाळे, चावायला बघे. कॉकरचे पिल्लू तितके घाबरत नसे. संकराची पहिली पिढी बेसेंजीसारखी भित्री निघाली, मग आई बेसेंजी असो की कॉकर. म्हणजे हा भित्रेपणा आईचे पाहून शिकलेला नव्हता, तो अनुवंशातून येत होता. स्वभावाला आनुवंशिक पाया नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. पण त्याच पिल्लांना रोज हाताळले, खेळवले की तो भित्रेपणा काही आठवड्यांत ओसरे.

खरी मेख पुढे, दुसऱ्या पिढीत. मेंडेलचा स्वतंत्र विभागणीचा नियम आपण नववी-दहावीत वाटाण्याच्या आकारावर आणि रंगावर शिकवतो. इथे तोच वापरला आहे. समजा स्टॉकार्डचे म्हणणे खरे आहे, देह आणि स्वभाव एकाच मुळातून येतात. मग पहिल्या पिढीतल्या कुत्र्यांच्या आपसांतल्या पिल्लांत, जिथे आजी-आजोबांची जनुके नव्याने पिसली जातात, तिथेही देह आणि स्वभाव यांची जोडी कायम राहायला हवी. बेसेंजीसारख्या दिसणाऱ्या पिल्लाचे वागणेही बेसेंजीसारखे, कॉकरसारख्या दिसणाऱ्याचे कॉकरसारखे. आणि समजा दोन्ही वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून आहेत, तर दुसऱ्या पिढीत त्यांची फारकत होईल. स्कॉट आणि फुलर यांनी मोजमापे घेतली, परीक्षांचे गुण मांडले. जोड्या टिकल्या नाहीत. देहाची ठेवण आणि वागणे यांत दखल घ्यावी असा सर्वसाधारण संबंध सापडला नाही. एवढेच नव्हे, या संकरित कुत्र्यांची छायाचित्रे पाहिली तर यांचे आजोबा बेसेंजी आणि कॉकर होते हे कोणालाही ओळखता येऊ नये. एकाच वेतातली भावंडे एकमेकांची वाटत नाहीत.

वर्गात हा प्रयोग सांगताना आधी निष्कर्ष सांगू नये, असे आम्ही सुचवू. "एकच कारण असेल तर दुसऱ्या पिढीत काय दिसेल?" हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांनाच दोन्ही शक्यता मांडू द्याव्यात. प्रयोग करण्याआधी उत्तरांच्या वाटा निश्चित करणे म्हणजे काय, हे यातून जितके समजते तितके परिभाषेने समजत नाही.

बार हार्बरला आणखी एक प्रयोग झाला, तो कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी तो प्रसिद्ध केला. उंच कुंपण घातलेल्या एकरभर मोकळ्या रानात पिल्ले वाढवली. माणूस त्यांच्या दृष्टीस पडत नसे, अन्न कुंपणातल्या भोकातून आत येई. त्यांतली काही पिल्ले दोन आठवड्यांची असताना, काही तीन, पाच, सात आणि नऊ आठवड्यांची असताना एकेक आठवडा माणसांत आणून खेळवली. उरलेल्यांनी चौदा आठवड्यांपर्यंत माणूस पाहिलाच नाही. पाच-सात आठवड्यांना बाहेर आलेली पिल्ले उत्तम माणसाळली. चौदा आठवड्यांची पिल्ले रानटी जनावरासारखी वागली आणि नंतर कितीही गोंजारले तरी त्यांची भीती पुरती गेली नाही. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. त्या काळात पिल्लाने जे पाहिले, हुंगले, ऐकले ते त्याला आपले वाटते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, ही म्हण त्या खिडकीनंतरच्या कुत्र्यांवरून सुचली असावी!

मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत ही खिडकी अनेकदा वाया जाते. राखणीसाठी आणलेले पिल्लू "माणसांना चढेल" म्हणून पहिल्या दिवसापासून साखळीला बांधतात. दुसरी अडचण लसीची. पार्वो विषाणूचा आजार १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, तेव्हापासून लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नका असे सांगण्याची प्रथा पडली. लसी पुऱ्या होतात चौथ्या महिन्याच्या सुमारास, आणि खिडकी तोवर बंद झालेली असते. यावर तोडगा साधा आहे. पिल्लाला रस्त्यावरच्या घाणीत आणि अनोळखी कुत्र्यांत सोडू नये, पण कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, शाळेतली मुले, टोपीवाले, काठीवाले, सारे दाखवावे. वर्षभराने चाळीस किलोचा झालेला कुत्रा कडेवर घेता येत नाही.

एकविसाव्या शतकात जनुकांचे सरळ वाचन करता येऊ लागले आणि स्कॉट-फुलर यांचा निष्कर्ष मोठ्या संख्येवर तपासता आला. २०२२ साली सायन्स नियतकालिकात अमेरिकन शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी वर्तनाविषयीच्या प्रश्नावल्या भरल्या आणि त्यांतल्या २,१५५ कुत्र्यांचा जनुकसंच वाचला गेला. क्रॉस कुत्रे मुद्दाम मोठ्या संख्येने घेतले होते, कारण त्यांच्यात रूप आणि वागणे यांची जनुके आधीच पिसलेली असतात. बार हार्बरला जी दुसरी पिढी खपून घडवावी लागली, ती इथे गल्ल्यांनी आयती पुरवली होती. निष्कर्ष असा की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. आज्ञा ऐकण्याची तयारी यांसारख्या काही गुणांत जातीचा भाग थोडा जास्त. चटकन चिडणे, ज्याची आपल्याला सर्वांत धास्ती असते, त्यात मात्र जातीवरून जवळपास काहीच सांगता येत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. क्रॉस कुत्र्यात कोणती जात आहे हे नुसते पाहून ओळखता तरी येते का? २००९ साली कॅलिफोर्नियात निवाऱ्यांतून दत्तक गेलेल्या २० मिश्र कुत्र्यांवर हे तपासले गेले. त्यांतल्या १६ कुत्र्यांना निवाऱ्याच्या लोकांनी विशिष्ट जातींची नावे दिली होती. डीएनए चाचणीत १६ पैकी १४ कुत्र्यांत, सांगितलेल्या सगळ्या जाती काही सापडल्या नाहीत. रोज कुत्रे हाताळणाऱ्यांची ही गत. आणि देहाच्या मापावर आधारलेले कायदे नेमके अशाच नजरेवर चालतात. ब्रिटनने १९९१ साली पिट बुलसह काही प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली, आणि २०२३ च्या अखेरीस त्यात एक्सएल बुली या दांडग्या कुत्र्याची भर पडली. तो ओळखण्याच्या सरकारी निकषांत खांद्यापाशी नराची उंची ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४८ सेंटिमीटर किंवा अधिक, डोके असे, मान अशी, असे सारे आहे. ते सगळे देहाचे निकष आहेत.

याचा अर्थ मोठा कुत्रा निर्धोक, असा कोणी घेऊ नये. व्हिएन्नातल्या १,२७६ मालकांच्या पाहणीत (२०१०) लहान कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त चिडके आणि कमी आज्ञाधारक ठरले, आणि लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करतात हेही दिसले. पण पॉमेरेनियन चावला तर टिटॅनसच्या आणि रेबीजच्या लसीवर भागते, चाळीस किलोचा कुत्रा चावला तर हाड मोडते. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला धरसोड परवडत नाही.

स्वभाव देहावरून वाचता येत नाही. आजार मात्र बऱ्याच अंशी वाचता येतात, आणि इथे "क्रॉस काटक असतो" या दुसऱ्या समजाची पाळी येते. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयातल्या १५ वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक अहवाल आला. आनुवंशिक म्हणता येतील अशा २४ आजारांपैकी १० आजार जातिवंत कुत्र्यांत जास्त होते. एक, गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, क्रॉस कुत्र्यांत जास्त होता. उरलेल्या १३ आजारांत फरक नव्हता, आणि मोठ्या कुत्र्यांना छळणारा खुब्याच्या सांध्याचा दोष या तेरांत होता. ब्रिटनमधल्या ५,८४,७३४ कुत्र्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात जातिवंतांचे मध्यक आयुष्य १२.७ वर्षे आणि क्रॉस कुत्र्यांचे १२.० वर्षे निघाले. मक्याचा नियम इथे सरसकट लागू पडत नाही, कारण क्रॉसचे आईबाप काही शुद्ध वाण नसतात आणि खुब्याचा दोष ज्यांच्यावर अवलंबून आहे ती अनेक जनुके बहुतेक मोठ्या जातींत सारखीच पसरलेली असतात. लॅब्रेडॉरचा खुबा आणि अल्सेशियनचा खुबा एकत्र आल्याने चांगला खुबा तयार होत नाही.

संकराहून भारी पडते ती देहाची मोठी चण. सर्वसाधारणपणे सस्तन प्राण्यांत मोठा देह म्हणजे दीर्घ आयुष्य. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. कुत्र्यांत मात्र उलटे आहे. २०१३ साली ७४ जातींच्या तुलनेत असा हिशेब निघाला की सरासरी वजनात दर दोन किलोंची भर पडली की आयुर्मान सुमारे एक महिन्याने घटते, आणि त्याचे मुख्य कारण हे की मोठे कुत्रे लवकर म्हातारे होतात. वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-१ या द्रव्याच्या जनुकाचा कुत्र्यांच्या मापाशी मोठा संबंध आहे, हे २००७ साली सापडले. ग्रंथी आणि आकार यांचे नाते आहे, एवढ्यापुरता स्टॉकार्ड बरोबर होता.

जनुके आपल्या हाती नाहीत, खाणे आहे. आणि मोठ्या पिल्लाच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रेमापोटी, खाण्यातच. १९७४ साली कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनची काही पिल्ले हवे तितके खाऊ दिले आणि काहींना मोजके दिले. भरपूर खाणारी पिल्ले झपाट्याने वाढली आणि त्यांच्याच सांध्यांचे, हाडांचे हाल झाले. पुढे हॉलंडमधल्या उत्रेख्त इथे हाझेविंकेल याने दाखवले की लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम परतवून लावता येत नाही. जेवढे पोटात जाईल त्यातले बरेच रक्तात शिरते, कूर्चेचे हाडात रूपांतर बिघडते, पाय वाकतात. पाय वाकलेले दिसले की आपण काय करतो? कॅल्शियमची आणखी एक बाटली आणतो. संतुलित आहारावर वाढणाऱ्या मोठ्या पिल्लाला पशुवैद्याने सांगितल्याशिवाय कॅल्शियम देऊ नये. नसबंदीचीही घाई नको. २०२० सालच्या एका अभ्यासात २० किलोंहून मोठ्या क्रॉस कुत्र्यांची नसबंदी वर्षाच्या आत केली तर सांध्यांचे विकार वाढलेले आढळले. वेळ पशुवैद्याशी बोलून ठरवावी. रोजच्या कामात दोन गोष्टी : जेवण एकदम न देता दोन-तीनदा विभागून द्यावे, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत मृत्यू येऊ शकतो. आणि गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी टाकावी, घसरणारा पाय खुब्याला मारक.

१९८७ साली जन्मलेल्या ४८ लॅब्रेडॉर पिल्लांवर अमेरिकेत एक प्रयोग सुरू झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जितके लागेल तितके अन्न, दुसऱ्याला त्याच्या तीनचतुर्थांश, आणि हे आयुष्यभर. दोन वर्षांचे झाल्यावर खुब्यांची क्ष-किरण छायाचित्रे काढली, तेव्हा कमी खाणाऱ्यांत दोष असलेल्यांची संख्या दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होती. प्रयोगाचा अखेरचा अहवाल २००२ साली आला. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. या दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नसत, पण अंगावरून हात फिरवला की बोटांना मोजता येत.